किरमिजी राजाची तबकडी

श्रोतेहो, पोथी जुनी असली आणि तिच्या नकला पुष्कळ झाल्या, म्हणजे एक प्रश्न हटकून उभा राहतो : मूळ पाठ कोणता? बखरी चाळणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. पण तोच प्रश्न गाण्याच्या तबकडीविषयी पडावा आणि त्यावरून रसिकांनी वर्षानुवर्षे वाद घालावा, याचे मला प्रथम नवल वाटले. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने मला एकाच गाण्याच्या दोन प्रती लागोपाठ ऐकविल्या. एक बारा मिनिटांची, दुसरी नऊ मिनिटांची. "सर, यातली खरी कोणती?" असे त्याने विचारले. मला लगेच उत्तर देता आले नाही.

ही तबकडी विलायतेतली. नाव 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग', म्हणजे किरमिजी राजाच्या दरबारात. (इंग्रजीतला 'क्रिमझन' आणि आपला 'किरमिजी' हे मुळात एकाच घराण्यातले शब्द, बरं का!) किंग क्रिमझन या पाच तरुणांच्या संचाने १९६९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण केले आणि १० ऑक्टोबरला ती बाजारात आली. रॉबर्ट फ्रिप, ग्रेग लेक, इयान मॅकडॉनल्ड आणि मायकेल जाइल्स हे गाणारे-वाजविणारे. पाचवे पीटर सिनफील्ड, त्यांचे काम गीते लिहिण्याचे. रॉक म्हणजे तीन-चार मिनिटांचे, पाय थिरकविणारे गाणे, अशी सर्वसाधारण समजूत असताना या मंडळींनी सुमारे ४४ मिनिटांत अवघी पाच गाणी बसविली. त्यांत जॅझची मोकळी बढत होती आणि युरोपीय वाद्यवृंदाचा भारदस्तपणाही. पुढे या वळणाला प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव रूढ झाले.

वाद्यवृंद मात्र प्रत्यक्षात नव्हताच! ती किमया मेलोट्रॉन नावाच्या पेटीची. दिसायला आपल्या बाजाच्या पेटीसारख्याच पट्ट्या, पण प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा. पट्टी दाबली की आधी मुद्रित केलेला व्हायोलिनचा सूर ऐकू येई, तोही सुमारे आठ सेकंदच. मग फीत संपे. त्या सुरात एक धुकट, किंचित डळमळीत कारुण्य आहे. या धुक्याची आठवण ठेवा, पुढे त्यावरूनच वाद आहे.

मतभेद पहिल्या दिवसापासूनचे. 'द हू' या संचाचे पीट टाउनशेंड यांनी तबकडीची मुक्तकंठाने स्तुती केली. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' पत्रात रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी तिची शेलक्या शब्दांत बोळवण केली. इंग्लंडात ती विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढली. मुखपृष्ठावर किंचाळणारा, भेदरलेला चेहरा आहे. तो काढणारे बॅरी गॉडबर हे पेशाने संगणकाचे काम करणारे. तबकडी निघाल्यावर काही महिन्यांतच, १९७० साली, चोविसाव्या वर्षी ते वारले.

आता प्रतींची कथा. आठ पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करून त्यांचे मिश्रण अंतिम फितीवर उतरविताना यंत्राचे हेड जागेवरून किंचित कलले होते, असे मागाहून ध्यानात आले. त्यामुळे वरचे बारीक सूर दबले आणि आवाज कोठे कोठे फाटला. पुढे तर ती मूळ फीतच गहाळ झाली! मग नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, अशा फितींवरून कितीतरी आवृत्त्या निघाल्या. मूळ फीत सुमारे २००३ साली एका कोठारात सापडली आणि तिच्यावरून २००४ ची आवृत्ती सिद्ध झाली. २००९ साली स्टीव्हन विल्सन यांनी फ्रिप यांच्याबरोबर सुट्या पट्ट्यांपासून मिश्रणच नव्याने केले.

येथे रसिकांचे तट पडले. एक पक्ष म्हणतो, आता ढोलावरची प्रत्येक थाप निराळी ऐकू येते, काच पुसल्यासारखी. दुसरा म्हणतो, काच पुसलीत खरी, पण धुकेही पुसून टाकलेत! जुनी १९६९ ची तबकडी मिळावी म्हणून हे लोक पदरचे भारी मोल मोजतात. मला दोघांचेही पटते. हेड कलले ही लेखनिकाची चूक. ती सुधारली तर कोणी रागवू नये.

पण 'मूनचाइल्ड'चे तसे नाही. या गाण्यात अडीच मिनिटांचे गीत झाल्यावर गिटार, व्हायब्राफोन आणि ढोल अगदी हळू, चाचपडत, उत्स्फूर्त वाजत राहतात. कित्येकांना हा भाग कंटाळवाणा वाटे. फ्रिप यांनी २००९ च्या मिश्रणात त्यातली सुमारे तीन मिनिटे कापली. माझ्या विद्यार्थ्याजवळची आखूड प्रत ती हीच. आता बोला! कर्त्याने स्वतःच कात्री चालविली. त्याचा हात कोण धरणार? तरीही इतिहासाचा मास्तर म्हणून माझा कल श्रोत्यांकडे आहे. चाळीस वर्षे जे लोकांच्या कानांत बसले, ते एकट्या कर्त्याचे राहत नाही. शिवाय कर्ताही एकटा नव्हे. त्या शांत तुकड्यात मॅकडॉनल्ड आणि जाइल्स यांचेही हात आहेत.

हे मी विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा तो हसला. "सर, पूर्ण गाणेही त्याच संचात शेवटी जोडले आहे," म्हणाला. म्हणजे कापणाऱ्यालाही पुरती खात्री नसावी! तुम्हांपैकी कोणाला ही तबकडी ऐकावयाची झाल्यास प्रथम २००४ ची प्रत ऐका. आणि 'मूनचाइल्ड' लागले की चहाला उठू नका.