शर्यतीचा रस्ता

जुना सायकलपटू आठवणी सांगू लागला की एक तक्रार हमखास येते : हल्लीच्या पोरांत दम नाही. आम्ही वीस किलोच्या धुडावर शंभर किलोमीटर काढायचो. यांना गिअर लागतात, हेल्मेट लागते, पाण्याच्या दोन-दोन बाटल्या लागतात. हे तो ठासून सांगतो. त्याच ओघात आणखी एक वाक्य निघून जाते : तेव्हा रस्ता मोकळा असायचा. ऐकणारे पहिल्या वाक्याला माना डोलावतात आणि दुसरे विसरतात. जळगाव-धुळ्याकडच्या हौशी सायकलशर्यतींचा इतिहास मांडायचा तर सुरुवात या विसरलेल्या वाक्यापासून करावी, असे मला वाटते. खानदेशात शर्यती का रुजल्या, त्यांचे नाव बाहेर का गेले नाही आणि पुढे त्या विरळ का झाल्या, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गड्याच्या छातीत किंवा सायकलीच्या बनावटीत फारशी मिळत नाहीत. डांबरी रस्त्यावर त्या त्या काळी कोणाचा हक्क चालत होता, हे पाहिले की ती मिळू लागतात.

रस्त्यांच्या बाबतीत धुळ्याइतके नशीबवान गाव शोधून सापडणार नाही. १८१९ च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्जने पांझरेकाठी नव्या धुळ्याची आखणी केली. पुढे मुंबई-आग्रा रस्ता, सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याला जाणारा रस्ता आणि सोलापूरचा रस्ता असे तीन महामार्ग इथे येऊन मिळाले. जुन्या क्रमांकांत ३, ६ आणि २११. दक्षिणेला लळिंगचा घाट सोडला तर चढ म्हणावा असा चढ नाही. उत्तरेला सोनगीर, नरडाणा करत शिरपूरच्या अलीकडे तापीपर्यंत जाता येते. पूर्वेला पारोळा, एरंडोल आणि बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडून जळगाव. अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. शर्यतीला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात : चाक रुतणार नाही असा रस्ता आणि त्या रस्त्यावर वाहनांचा तुटवडा. डांबर पडण्याआधी काळ्या मातीच्या या मुलखात पावसाळ्याचे चार महिने सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येई. डांबर पडून पुरेशी वर्षे गेल्यावर रस्ता ट्रकांचा झाला. मधला काळ तेवढा शर्यतीचा. देशात नोंदलेली मोटारवाहने १९५१ मध्ये सुमारे ३ लाख होती, १९८१ मध्ये ५४ लाख, १९९१ मध्ये २ कोटी १४ लाख आणि २०११ मध्ये १४ कोटींच्या वर. या आकड्यांत दुचाकीही आल्या हे खरे, पण म्हाताऱ्या सायकलपटूंची उमेदीची वर्षे कोणती ते आठवावे आणि मग हे आकडे पुन्हा वाचावेत.

त्याच वर्षांत सायकल देशी आणि आवाक्यातली झाली. मुंबईत १९३९ पासून हिंद सायकल बनत होती. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय, सोनपतची ॲटलस, १९५६ पासून लुधियान्याची हिरो. जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप, अमळनेरची प्रताप अशा गिरण्यांच्या पाळ्या सुटल्या की फाटकातून सायकलींचा लोंढा निघे. गवळ्याच्या सायकलला दुधाचे कॅन, मास्तरांच्या सायकलला कॅरिअरवर वह्यांचा गठ्ठा, आणि सगळ्यांच्या सायकलला नगरपालिकेच्या कराचा बिल्ला. हीच सायकल शर्यतीलाही उतरायची. आदल्या रात्री मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, डायनॅमो काढायचा. हँडल उलटे बसवायचे, म्हणजे अंग वाकून वारा कमी लागतो. छर्रे काढून रॉकेलने धुवायचे, नवे ग्रीस भरायचे. चाकाचा आउट काढून घ्यायचा. ज्याला शंभर टक्के जिंकायचेच असे, तो मागचे फ्रीव्हील बदलून घेई. अठरा दात्यांच्या जागी सोळा. हा बदल दिसायला किरकोळ, पण हिशोब करून पाहावा. पुढे ४४ दाते, मागे १८, आणि २८ इंची चाक असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. मिनिटाला नव्वद फेरे मारले तर ताशी २९ किलोमीटर होतात. मागे १६ दाते बसवले की तेवढ्याच फेऱ्यांत ३३. एवढ्याशा लोखंडी चकतीने तासाला चार किलोमीटरचा फरक पडतो, फक्त मांडीत तेवढा जोर हवा आणि रस्ता सपाट हवा. खानदेशचा रस्ता सपाटच होता. एका गिअरच्या कामगारसायकलला याहून योग्य मैदान महाराष्ट्रात क्वचितच असेल.

मग नाव पुण्याकडे का गेले? चाळीसच्या दशकापासून चालत आलेली मुंबई-पुणे शर्यत महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिच्यातला ‘घाटाचा राजा’ ठाऊक आहे. धुळे-जळगाव मार्गाला तसे नाव कधी लाभले नाही. याचे सरधोपट उत्तर असे दिले जाते की पुण्या-सांगलीकडे तालमी होत्या, क्लब होते, पैसा होता. त्यात तथ्य आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकलसंघात आदी हवेवाला, जहांगू अमीन, रोहिंटन नोबल, होमी पावरी अशी पारशी नावे ओळीने दिसतात. क्लब आणि आयात केलेली हलकी सायकल असेल तिथूनच खेळाडू वर जात, हे उघड आहे. तरीही मला त्याहून मोठे कारण घाटाचे वाटते. १८३० मध्ये जॉन माल्कमच्या हस्ते खुला झालेला बोरघाटाचा रस्ता प्रेक्षकाला बसल्या जागी नाट्य पुरवतो. खोपोली सोडली की शिंगरोबाच्या देवळापाशी घोळका फुटतो, स्वार उभे राहून पायडल मारू लागतात, वेग पायी चालण्याच्या जवळ येतो आणि कोण कोसळणार हे काठावरच्या माणसाला स्वच्छ दिसते. सपाट रस्त्यावरची शर्यत पाहणाऱ्याच्या समोरून अर्ध्या मिनिटात निघून जाते. तिथली खरी लढाई वाऱ्याशी असते, आणि वारा दिसत नाही. तापीचे खोरे पश्चिमेला उघडे आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगीच उभी राहिलेली नाही. पश्चिमेचा वारा सुटला की जळगावहून धुळ्याकडे येणारा स्वार पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहायचा आणि पुढचा कोपर हलवून त्याला ‘आता तू ये’ म्हणायचा. हा डाव वर्तमानपत्राच्या बातमीत उतरत नाही. नाव न होणे आणि खेळ कमी प्रतीचा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत प्रचलित : मोटारसायकल आली आणि सायकल गेली, त्याबरोबर शर्यतही गेली. १९७२ ची लुना आणि १९८५ ची हिरो होंडा यांच्या माथी हे पाप मारले जाते. पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती आणि स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के घरांत. म्हणजे शर्यती ओसरल्यानंतरही सायकल घराघरात होतीच. शिवाय शर्यतीला स्वार लागतात किती? पन्नास. पन्नास पोरे कोणत्याही तालुक्यात कोणत्याही काळात मिळतात.

यंत्राची आणि माणसाची सबब बाजूला ठेवून फक्त रस्त्याचा परिणाम तपासायचा असेल तर इंग्लंडचे उदाहरण फार उपयोगी आहे. १८९० च्या दशकात तिथल्या राष्ट्रीय सायकल संघटनेने पोलिसांच्या धास्तीने उघड्या रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यती स्वतःहूनच बंद केल्या. मग १८९५ पासून एफ. टी. बिडलेक यांच्या पुढाकाराने एकेक स्वार ठरावीक अंतराने सोडायची पद्धत रुळली : पहाटेची वेळ, अंगभर काळे कपडे, मार्गाला सांकेतिक नाव, म्हणजे गावकऱ्यांना आणि शिपायाला सुगावा लागू नये. खाडीपलीकडे फ्रान्समध्ये याच काळात १९०३ ची टूर द फ्रान्स सुरू होऊन राष्ट्रीय सण बनत होती. सायकली त्याच, पाय तसेच. अखेर ७ जून १९४२ रोजी, युद्धामुळे पेट्रोल नव्हते आणि रस्ते ओस पडले होते तेव्हा, पर्सी स्टॅलर्डने लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी घोळक्याची शर्यत भरवून दाखवली, आणि संघटनेने त्याला निलंबित केले. रस्ता रिकामा झाल्याबरोबर शर्यत उगवली, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप उन्हाचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे कोण शर्यत लावणार? पण मेमध्ये लावा असे म्हणतो कोण? शर्यतीचा हंगाम थंडीचा, आणि खानदेशची थंडी सायकलला उत्तम. बाभळीच्या काट्यांनी होणारी पंक्चरे हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. त्यावर उपाय म्हणजे कमरेला गुंडाळलेली जादा ट्यूब आणि नशीब.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रस्ते तर पूर्वीपेक्षा रुंद झाले. पिंपळगाव-धुळे, धुळे-पळासनेर आणि बरेच रखडलेले फागणे-तरसोद ही चौपदरीकरणे पाहा. मग रस्ता गेला असे कसे म्हणता? रुंदी वाढली हे खरे, पण रस्त्याचा स्वभाव बदलला. जुन्या दुपदरी रस्त्यावर जाऊन-येऊन शर्यत भरवणे सोपे असे. ठरलेल्या दगडापाशी एक पिंप ठेवायचे, स्वाराने त्याला वळसा घालायचा, तिथल्या स्वयंसेवकाने दंडावर शाईची खूण करायची, की परत. आता मध्ये दुभाजक आहे. वळायला पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जावे लागते, आणि सेवारस्ता मध्येच संपतो. शिवाय जो रस्ता पथकरावर चालतो, तिथे दोन तास एक बाजू अडवणे म्हणजे थेट उत्पन्न बुडवणे. महामार्गावरील वाहतूक नियंत्रित करणारा २००२ चा कायदा आणि १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे ३३ वे कलम यांत सायकलशर्यतीला बंदी कुठेही लिहिलेली नाही. लागते ती परवानगी, आणि ती देणाऱ्या अधिकाऱ्याने अपघाताची जोखीम का पत्करावी? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर सायकलला प्रवेशच नाही. त्या नामांकित शर्यतीला जुन्या घाटाचा आधार होता म्हणून ती तगली, आणि तरीही तिच्यात अधूनमधून खंड पडलाच.

हौशीपणाचाही इथे संबंध येतो. जागतिक सायकल खेळात हौशी आणि व्यावसायिक यांच्या संघटना १९६५ ते १९९२ वेगळ्या होत्या, आणि ऑलिंपिक व्यावसायिकांना खुले झाले १९९६ मध्ये. खानदेशात या भेदाला अर्थच नव्हता, कारण पैसे देणारेच कोणी नव्हते. बक्षीस म्हणजे ढाल, स्टीलचे भांडे, मनगटी घड्याळ, फार झाले तर नवी सायकल. यातला निर्मळपणा वाखाणला जातो, वाखाणावा. पण त्यामुळे शर्यतीत कोणाचाच पैसा अडकलेला नव्हता, आणि रस्ता जाऊ लागला तेव्हा भांडायला कोणी उभे राहिले नाही. बैलगाडा शर्यतींशी तुलना करून पाहा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्या बंद केल्या. बैलमालक, गावपुढारी, आमदार, सरकार सगळे एक झाले. २०१७ मध्ये कायदा दुरुस्त झाला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. सायकलशर्यतीवर बंदीही आली नाही, त्यामुळे खटलाही झाला नाही.

कोणी म्हणेल, आज सायकलिंग भरात आहे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक पहाटे दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला निघतात. निघतात, आणि साडेतेरा तासांत दोनशे पुरे करणे सोपे नाही. मात्र ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. तिच्यात पहिला-दुसरा नसतो आणि स्वाराने रहदारीचे सगळे नियम पाळत जायचे असते. वाहत्या रस्त्यावर जे शक्य आहे तेवढेच तिने ठेवले आहे. ज्यांना खरोखर जिंकायचे आहे ती मुले रस्ता सोडून लाकडी ट्रॅकवर जातात : भंडारा जिल्ह्यातली सुशिकला आगाशे दिल्लीच्या वेलोड्रोमवर देशासाठी धावली. दम कुठे गेला, या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे व्हावे.

आणि रस्ता मोकळा करता येतो हेही आता सिद्ध झाले आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात यूसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या २.२ दर्जाची चार टप्प्यांची पुणे ग्रँड टूर झाली, त्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत केले गेले आणि रहदारी थांबवली गेली. तेवढा खर्च पारोळ्यात किंवा एरंडोलमध्ये कोणी करणार नाही, गरजही नाही. चौपदरी महामार्ग जिथे गावाला वळसा घालून गेला, तिथे जुन्या रस्त्याचा पाच-सहा किलोमीटरचा तुकडा मागे उरतो. त्यावर आता ट्रक येत नाहीत, पथकर नाही, आणि दोन्ही टोकांना वळायला जागा आहे. ब्रिटिश सरकारने १९६० मध्ये नियम करून पोलिसांना आगाऊ सूचना देऊन रस्त्यावर शर्यत भरवायला मोकळीक दिली. इथे एका रविवारी सकाळी सहा ते आठ तेवढा तुकडा अडवायला जिल्हाधिकाऱ्याची एक सही लागेल, आणि ती मागायला आधी कोणीतरी अर्ज करावा लागेल.