साल, खार आणि साबण

यशवंतपूरहून मेट्रोने शहराच्या दिशेने निघाले की पहिलेच स्थानक लागते, त्याचे नाव ‘सँडल सोप फॅक्टरी’. बदलीच्या नोकरीत देशातील पुष्कळ स्थानके पाहिली. राजे, पुढारी, देवस्थाने यांची नावे सर्वत्र आहेत. पण साबणाच्या कारखान्याचे नाव मिरविणारे स्थानक माझ्या पाहण्यात हे एकच. वारा अनुकूल असेल तर नावाची पाटी दिसण्याआधीच चंदनाचा दरवळ येतो. या गावी येऊन पडलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना त्या दरवळाची इतकी सवय झाली आहे, की त्यामागील इतिहास आपल्याही घरचा आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून मिळविली आणि उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात घालविली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसविलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. पुणेकरांना पाणी देणाऱ्या या गृहस्थाने पुढे अवघ्या हिंदुस्थानाला साबण दिला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चंदन ही म्हैसूरची राजसंपत्ती. टिपूच्या काळापासून त्या झाडावर राज्याचीच मालकी असे. लाकडाचे लिलाव होत, ते जहाजाने युरोपात जाई, आणि तेल मुख्यतः जर्मनीत निघे. १९१४ साली महायुद्ध पेटले, वाहतूक थांबली, आणि वखारीत लाकडाचे ढीग साचले. ज्या वस्तूचे मोल देशोदेशी होते ती विकता येईना. तेव्हा यशवंतपूरच्या शेजारी असलेल्या, इकडे आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो व वॉटसन या दोघा प्राध्यापकांनी चंदनतेल काढण्याचे प्रयोग केले. ते यशस्वी होताच १९१६ मध्ये संस्थानने तेल काढण्याचा उद्योग उभारला. तेल आले, मग त्याचे करायचे काय? साबण करावा, असे ठरले. मुंबईहून जाणकार बोलावून याच संस्थेच्या आवारात साबणाचे प्रयोग झाले, सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनशास्त्रज्ञास शिक्षणासाठी विलायतेस धाडण्यात आले, आणि १९१८ मध्ये सरकारी साबण कारखाना सुरू झाला. लोक पुढे त्यांना ‘सोप शास्त्री’च म्हणू लागले. १९५७ मध्ये कारखाना आजच्या राजाजीनगरच्या जागी आला. १९८० मध्ये त्याची कंपनी झाली, आणि २००६ मध्ये ‘म्हैसूर सँडल’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

या कथेत मला सर्वाधिक मोह पडतो तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा. तेल काढून घेतल्यावर चंदनाचा जो भुसा उरतो, तो फेकला जात नाही. उदबत्तीवाले तो घेऊन जातात. साबण तयार होताना ग्लिसरीन सुटते, तेही वेगळे काढून विकता येते; युद्धकाळात तर स्फोटकांसाठी त्याला मोठी मागणी होती. उरलेसुरले टाकायचे नाही, ही वृत्ती कारखान्याने शिकविली असे नव्हे. आपल्या आज्या ती बाळगूनच होत्या.

साबण मुळात दोन वस्तूंचा: चरबी वा तेल, आणि खार. पूर्वी विलायती साबणात प्राण्याची चरबी असे म्हणून आपल्याकडील सोवळ्याच्या घरांत तो शिवत नसत. रिठे, शिकेकाई, डाळीचे पीठ आणि दिवाळीला उटणे यांवर भागे. मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी याच सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा हा अडसर दूर झाला. खार मात्र राखेतूनच मिळत असे. गुवाहाटीस नेमणूक असताना एका सहकाऱ्याच्या घरी मी प्रथम ‘कोलाखार’ पाहिला. केळीच्या वाळलेल्या साली जाळून, राख पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून घेतात. ते स्वयंपाकात वापरतात आणि पूर्वी कपडे व केसही त्यानेच धूत. पश्चिम आफ्रिकेतही केळ्याच्या सालींच्या राखेतून काळा साबण होतो. म्हणजे आपण जी साल घाणीच्या डब्यात टाकतो ती साबणाची अर्धी सामग्रीच होय.

बंगळूरला हा विचार पुन्हा सुचला तो नाइलाजाने. २०१२ साली मावळ्ळीपुरच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा घेणे नाकारले, रस्तोरस्ती ढीग लागले, आणि ओला कचरा घरातच जिरविण्याची भाषा सुरू झाली. फळांच्या सालींचे ‘बायो-एन्झाइम’ घरोघर होऊ लागले. ही युक्ती थायलंडच्या रोसुकोन पूमपनवाँग यांची. गूळ एक भाग, साली तीन, पाणी दहा. तीन महिने डब्यात ठेवायचे आणि पहिल्या महिन्यात रोज झाकण उघडून वायू सोडायचा. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा दोन दिवस झाकण उघडले नाही. डब्याने स्वतःच ते उघडले. आजही स्वयंपाकघराच्या छतावर त्याची नोंद आहे.

मी इतिहासाचा बी. ए.; रसायनशास्त्राशी संबंध शाळेपुरता. त्यामुळे हे पाणी आणि साबण एकत्र केल्यास दुप्पट गुणकारी होईल, अशी माझी भोळी समजूत झाली. साबणाचा कीस त्यात विरघळविला. घटकाभरात दही फाटावे तसे सर्व फाटले. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी हसत कारण सांगितले: आंबविलेले सालीचे पाणी आम्ल, साबण अल्कधर्मी; एकाने दुसऱ्याचा नाश केला आणि तेवढी चरबी वर तरंगली. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की या पाण्याने फरशी पुसावी, मोरी धुवावी, पण त्यास साबण म्हणू नये. ज्याला खरोखर साबण हवा त्याने खार नीट मोजून घालावा आणि वडी काही आठवडे मुरू द्यावी. अपुऱ्या मुरलेल्या वडीने माझे हात चार दिवस जळजळत होते.

चंदनाचेही दिवस पालटले. चोरी आणि बेसुमार तोडीमुळे जंगलातील झाडे दुर्मिळ झाली. २००१ मध्ये कर्नाटकाने कायदा बदलून शेतकऱ्यास आपल्या जमिनीतील चंदनाची मालकी दिली, तरी झाडाच्या गाभ्यात सुगंध भरायला वर्षानुवर्षे लागतात. संत्र्याच्या सालीचे तसे नाही. ती दर हंगामात येते.

आमच्या नागपूरच्या घरी मृग बहाराची संत्री आली की आई साली गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत घाली. चैत्राच्या उन्हात त्या पापडासारख्या कडक होत. मग कुटून, वस्त्रगाळ करून पितळी डब्यात, दिवाळीच्या उटण्यासाठी. आई गेली त्या वर्षी घर आवरताना तो डबा माझ्या वाट्याला आला. आत तळाशी मूठभर भुकटी होती. ती वापरण्याचा धीर दोन दिवाळ्या झाला नाही. गतवर्षी मात्र मंडळाच्या भगिनींनी उटणे करायला घेतले, तेव्हा यशवंतपुरात वाळविलेल्या सालींच्या भुकटीत मी ती मिसळली. नरकचतुर्दशीच्या पहाटे नातवाने अंगाला लावून घेतली आणि विचारले, ‘आजोबा, याला संत्र्याचा वास का येतो?’