गॅस्ट्रिनवरचा संशय

सिक्रेटिनची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं की आतड्याच्या अस्तरातून एक रसायन रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला कामाला लावतं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधल्या जॉन एडकिन्सला प्रश्न पडला, जठराचंही असंच काही असेल का?

जठराचं आतड्याकडचं जे टोक, तिथल्या अस्तराचा अर्क काढून त्यानं मांजरांच्या मानेतल्या शिरेत सोडला. जठरात आम्ल पाझरू लागलं. जठराच्या वरच्या भागातल्या अस्तराच्या अर्कानं मात्र तसं होईना. १९०५ मध्ये त्यानं या द्रव्याला नाव दिलं, गॅस्ट्रिन.

इथपर्यंत छान चाललं होतं. पण १९२० मध्ये पोपिएल्स्की या पोलिश शास्त्रज्ञानं छापलं की कुत्र्याला नुसतं हिस्टामिन टोचलं तरी जठरात भरपूर आम्ल येतं. आता हिस्टामिन तर शरीरात कितीतरी ठिकाणी सापडतं. झालं! लोक म्हणू लागले, एडकिन्सच्या अर्कातही हिस्टामिनच असणार, गॅस्ट्रिन वगैरे काही नाही. शंका रास्त होती, हे मान्य करायला हवं. त्या काळच्या अर्कात काय काय मिसळलेलं असेल, कोण सांगणार?

उत्तर आलं १९३८ मध्ये, मॉन्ट्रियलहून. सायमन कोमारोव्हनं हिस्टामिन पूर्ण काढून टाकलेला अर्क तयार केला, आणि तरीही आम्ल आलंच! एडकिन्स तेव्हा हयात होता. दोनच वर्षांनी, १९४० मध्ये तो गेला. पुढे १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं केलं. सतरा अमिनो आम्लांची छोटीशी साखळी.

पण खरी गंमत पुढेच आहे. गॅस्ट्रिन खरं, तर मग हिस्टामिन खोटं का? तर तसंही नाही. जठराच्या अस्तरात आम्ल बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या शेजारी हिस्टामिन साठवून बसलेल्या दुसऱ्या पेशी असतात. गॅस्ट्रिन रक्तातून येतं आणि मुख्यतः या शेजारणींना उठवतं. त्या हिस्टामिन सोडतात, आणि मग आम्लाच्या पेशी कामाला लागतात. गॅस्ट्रिन आम्लाच्या पेशींना थेटही सांगू शकतं, पण मोठा निरोप जातो तो हिस्टामिनमार्फत. म्हणजे ज्या हिस्टामिनमुळे गॅस्ट्रिनचं अस्तित्वच नाकारलं गेलं, तोच त्याचा निरोप्या निघाला!

ह्याचा भक्कम पुरावा दिला औषधानं. १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी बुरिमामाइड आणलं. ते अडवतं हिस्टामिनचा निरोप, पण त्यामुळे गॅस्ट्रिननं येणारं आम्लही कमी झालं. त्याच वाटेनं पुढे सिमेटिडिन आलं, मग आपल्या ओळखीचं रॅनिटिडिन. अल्सरसाठी होणारी कितीतरी ऑपरेशनं त्यामुळे टळली, आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅकचा वाटा होता.

आता हे आम्ल थांबवतं कोण? त्याच्याही पेशी वेगळ्या, हार्मोनही वेगळं. ते पुढच्या भागात.