चामड्याला तेल पाजणारे हात

आजचा भाग आहे तुमच्या पायातल्या चपलेबद्दल. खरं तर, तिला लावायच्या तेलाबद्दल.

सुरुवात आमच्या उंबरमाळीकडून. कसारा लोकल जिथून जाते, त्या शहापूरच्या आणि शेजारच्या मुरबाडच्या जंगलात हिरडा होतो. आपल्याला तो खोकल्यावरचं औषध म्हणून माहीत. पण हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत टॅनिन असतं. त्याच्यावरच कच्चं कातडं कमावतात, म्हणजे ते कुजत नाही. मात्र या सगळ्या धुण्या-भिजवण्यात कातड्यातली मूळची चरबी निघून जाते. वाळलं की तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं. म्हणून त्याला तेल पाजायचं. तंतूंमध्ये ते वंगणाचं काम करतं.

मग कुठलं तेल? जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं. जुन्या चकचकीत पेटंट लेदरचा थर त्याचाच असायचा. वाकणाऱ्या पट्ट्याला ते चालत नाही. एरंडेल सुकत नाही, चामडं मऊ ठेवतं. करंजाचं तेलही चामड्यासाठी वापरलं जायचं. तेल जास्त झालं तर चामडं काळवंडतं आणि सैल पडतं. मेणाचं पॉलिश वरच राहतं. चमक देतं, पाणी अडवतं. म्हणून आधी थोडं तेल, ते मुरलं की मग मेण.

आता घाट चढून देशावर जाऊ. तिथली बागायत मोटेवर चालायची. मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून ओढायची चामड्याची मोठी पखाल. रोज भिजायची, रोज वाळायची. ती फाटली की पाणी बंद, पीक धोक्यात. कातडं कमावायचं ढोर समाजानं, मोट शिवायची-सांधायची चांभारानं. बदल्यात सुगीला धान्याचं बलुतं. ज्यांच्या हातावर मळा भिजायचा, त्यांनाच गाव शिवून घेत नव्हतं. पुढे इंजिन आणि विजेचे पंप आले, मोट गेली. तिच्यासोबत ते कामही गेलं.

उरली कोल्हापुरी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार. जून २०२५ मध्ये प्रादानं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचं नावही न घेता. टीका झाली तेव्हा कुठे मान्य केलं. आपण सगळे चिडलो, बरोबरच होतं. पण मंडळी, श्रेय न देण्याची सवय मिलानहून आलेली नाही. ती आपल्या गावकुसातली जुनीच आहे.

तेव्हा यंदा पावसाळ्यानंतर चप्पल सावलीत वाळवा, फडक्यावर दोन थेंब एरंडेल घेऊन चोळा. आणि उसवली तर टाकू नका, नाक्यावरच्या कारागिराकडे न्या. तो सांगेल ते पैसे द्या, घासाघीस नको. जमलं तर विचारा, हे काम कुणाकडून शिकलात? त्या उत्तरातला इतिहास अजून कुणी लिहून ठेवलेला नाही.

भेटू पुढच्या भागात!