कॅमेऱ्याचे स्थान आणि प्रेक्षकाची दृष्टी : ‘राजा हरिश्चंद्र’ ते ‘अमृतमंथन’

चित्रपटाच्या इतिहासलेखनात कथानक, अभिनय व संगीत यांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे कॅमेऱ्याच्या स्थानाला मिळालेले नाही. वस्तुतः प्रेक्षकाने प्रसंग कोठून पाहावा, हे कॅमेऱ्याचे अंतर व कोन यांवरूनच ठरते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याच्या उपलब्ध अंशात कॅमेरा बहुतांशी स्थिर असून पात्रे समोरून व आपादमस्तक दिसतात. नाट्यगृहातील खुर्चीवरून रंगमंच दिसावा, तशी ही दृष्टी आहे. मात्र हा अंश १९१३ चा की फाळके यांनीच १९१७ मध्ये केलेल्या पुनर्निर्मितीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे त्यावरून काढलेल्या निष्कर्षांनाही मर्यादा पडतात.

प्रभातच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये हे अंतर नाहीसे झाले. हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांचा डोळा व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाच्या साहाय्याने पडदाभर दाखविला. बळीप्रथेसाठी राजाच्या हत्येपर्यंत जाणाऱ्या धर्मसत्तेचा दरारा त्या नजरेतूनच जाणवतो. रंगमंचावर अशी जवळीक शक्य नव्हती. समीपदृश्य येथे सत्तेवरील भाष्याचे साधन ठरले.

चित्रपटाची प्रत नष्ट झाल्यावर कथासार पुस्तिकांतून व वृत्तपत्रांतून मिळू शकते; कॅमेऱ्याची दृष्टी मात्र कायमची हरवते. म्हणून चित्रफितींचे जतन हे इतिहासाच्या प्राथमिक साधनांचे जतन होय.