वैद्यक व्यवसायविषयक कायद्यांची संसदीय छाननी

वैद्यक व्यवसायविषयक कायद्यांची संसदीय छाननी : डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, प्रसाविका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ञ, वैद्यकीय समाजकार्यकर्ते इत्यादींचे शिक्षण, नोंदणी व व्यावसायिक वर्तन यांचे नियमन करणारी विधेयके, तसेच त्या कायद्यांखाली केले जाणारे नियम व विनियम, यांची विधिमंडळाने केलेली तपासणी. रुग्णाला उपचारकाच्या ज्ञानाची परीक्षा स्वतः घेता येत नाही. म्हणून ती परीक्षा त्याच्या वतीने कोणीतरी घ्यावी लागते. ती व्यवसायाने स्वतःच घ्यावी की शासनाने, आणि घेणाऱ्यावर कोणाची देखरेख असावी, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. भारतात गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत त्याची वेगवेगळी उत्तरे देण्यात आली.

सांविधानिक स्थान : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार वैद्यकीय व इतर व्यवसाय हा समवर्ती सूचीतील (नोंद २६) विषय आहे. उच्च शिक्षणाच्या दर्जाचे सुसूत्रीकरण व निश्चिती ही संघसूचीत (नोंद ६६), तर सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये ही राज्यसूचीत (नोंद ६) मोडतात. या विभागणीमुळे अभ्यासक्रमाचा दर्जा केंद्रीय संस्थेने ठरवावयाचा, व्यावसायिकांची नोंदणी व शिस्तभंगाची प्राथमिक चौकशी राज्य परिषदेने करावयाची आणि रुग्णालये राज्य शासनाने चालवावयाची, अशी रचना रूढ झाली. साहजिकच संसदेपुढे येणाऱ्या अशा प्रत्येक विधेयकात केंद्र व राज्ये यांच्या अधिकारांचा प्रश्न गुंतलेला असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश संसदेने १८५८ मध्ये संमत केलेला वैद्यक अधिनियम हा या कायद्यांचा आदर्श ठरला. अर्हताप्राप्त व अर्हता नसलेले वैद्य यांतील भेद लोकांना ओळखता यावा, हा त्याचा उद्देश होता. त्यासाठी एक परिषद व एक नोंदवही निर्माण करण्यात आली. हिंदुस्थानात याच धर्तीवरचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये झाला. बंगाल व मद्रास इलाख्यांत १९१४ मध्ये तसेच कायदे करण्यात आले. मुंबईच्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांना व पदविकाधारकांना नोंदवहीत स्थान दिले. वैद्य व हकीम मात्र तिच्याबाहेर राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयुर्वेदीय महाविद्यालयाशी संबंध ठेवल्याबद्दल मुंबईच्या परिषदेने एका नोंदणीकृत डॉक्टरचे नाव वगळले. व्यवसायाच्या हाती सोपविलेला शिस्तीचा अधिकार पद्धतिभेदाच्या वादातही वापरला जाऊ शकतो, हे त्यावरून दिसून आले.

ब्रिटनच्या परिषदेने १९३० मध्ये हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. या घटनेमुळे अखिल भारतीय स्वरूपाच्या परिषदेची निकड भासू लागली व १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद अधिनियम संमत झाला. विद्यापीठीय पदव्यांचा दर्जा राखणे एवढेच त्याचे क्षेत्र होते. खेड्यापाड्यांत व लहान गावांत सेवा देणाऱ्या पदविकाधारक डॉक्टरांना त्यात स्थान नव्हते. प्रांतिक स्वायत्ततेच्या काळात मुंबई प्रांतात बा. गं. खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये आयुर्वेद व युनानी चिकित्सकांच्या नोंदणीचा कायदा केला. देशी पद्धतींच्या चिकित्सकांना वैधानिक नोंदणी देणारा तो हिंदुस्थानातील आरंभीचा कायदा होय. पुढे भोर समितीने (१९४३–४६) पदविकेचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करावा, अशी शिफारस केली. तीमुळे शिक्षणाचा दर्जा एकसारखा होण्यास साहाय्य झाले. तथापि ग्रामीण भागासाठी उपचारक कोठून आणावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला व पुढील प्रत्येक छाननीत पुन्हा उपस्थित झाला.

स्वातंत्र्याच्या आगेमागे परिचर्या परिषद (१९४७), दंतवैद्य (१९४८) व औषधनिर्माणशास्त्र (१९४८) यांविषयीचे केंद्रीय कायदे झाले. १९३३ च्या कायद्याची जागा १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद अधिनियमाने घेतली.

छाननीची पद्धती : आरंभीच्या काळात महत्त्वाचे विधेयक सभागृहाची प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती यांकडे सोपविण्याची प्रथा होती. समितीच्या विचारविनिमयाने विधेयकाचा मूळ आराखडाच कसा बदलू शकतो, याचे उदाहरण म्हणजे १९६८ चे भारतीय चिकित्सा व होमिओपॅथी केंद्रीय परिषद विधेयक. त्यात दोहोंसाठी एकच परिषद योजिली होती. संयुक्त समितीने होमिओपॅथीसाठी स्वतंत्र परिषद असावी, असे मत दिले. त्यानुसार भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी १९७० मध्ये व होमिओपॅथीसाठी १९७३ मध्ये वेगवेगळे कायदे झाले.

विभागवार स्थायी समित्यांची व्यापक व्यवस्था १९९३ मध्ये सुरू झाली. त्या वेळी अशा १७ समित्या होत्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ करण्यात आली. आरोग्य व कुटुंबकल्याण या विषयाची समिती राज्यसभेच्या सभापतींच्या नियंत्रणाखाली असून तीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. विधेयक आपोआप समितीकडे जात नाही. लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती यांनी ते सोपवावे लागते. समिती निवेदने मागविते, मंत्रालयाचे अधिकारी, व्यावसायिक संघटना व तज्ञ यांच्या साक्षी घेते आणि कलमवार विचार करून अहवाल सादर करते. अहवालातील शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. त्यांचे सामर्थ्य सल्ल्याचे असते.

कायद्याचा प्रत्यक्ष आशय पुष्कळदा विनियमांत असतो. अभ्यासक्रम, प्रवेश, महाविद्यालयाचे निकष, व्यावसायिक आचारसंहिता इ. बाबी कायद्यात नसून विनियमांत असतात. असे विनियम संसदेपुढे एकूण ३० दिवस मांडून ठेवावे लागतात व सभागृहांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. त्यांची तपासणी दुय्यम विधिविधानविषयक समित्या (लोकसभा–१९५३, राज्यसभा–१९६४) करतात. ही तपासणी बहुधा विनियम अंमलात आल्यानंतर होते, ही तिची मर्यादा होय.

राष्ट्रीय वैद्यक आयोग : १९५६ च्या परिषदेत निर्वाचित डॉक्टरांना मोठे स्थान होते. महाविद्यालयांच्या मान्यतेतील गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे २०१० मध्ये वटहुकूम काढून ती बरखास्त करण्यात आली व तिचा कारभार नियुक्त मंडळाकडे देण्यात आला. सर्व आरोग्य व्यवसायांसाठी एकच आयोग योजणारे २०११ चे विधेयक स्थायी समितीने परत घेऊन नव्याने मांडण्याची शिफारस २०१२ मध्ये केली. दरम्यान परिषद पुन्हा अस्तित्वात आली. तिच्या कार्याविषयीचा स्थायी समितीचा ९२ वा अहवाल मार्च २०१६ मध्ये सादर झाला. ज्यांचे नियमन करावयाचे त्यांनीच नियामक निवडून द्यावा ही पद्धत सदोष असल्याचा निष्कर्ष त्यात काढण्यात आला व शिक्षण, मूल्यमापन आणि नीतिविषयक कार्ये वेगवेगळ्या मंडळांकडे सोपविण्याचा पुरस्कार करण्यात आला. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अहवालाची दखल घेऊन माजी सरन्यायाधीश आर्. एम्. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. समितीचा अहवाल न्यायालयाला विचारात घेता येतो, मात्र त्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असा निर्णय घटनापीठाने मे २०१८ मध्ये दिला.

राष्ट्रीय वैद्यक आयोग विधेयक २९ डिसेंबर २०१७ रोजी लोकसभेत मांडण्यात आले. त्यात आयुर्वेद, होमिओपॅथी इ. पद्धतींच्या चिकित्सकांना सेतु-अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मर्यादित आधुनिक औषधे देण्याची मुभा होती. तसेच पदवीनंतर स्वतंत्र अनुज्ञप्ती परीक्षा व खाजगी महाविद्यालयांतील ४० टक्क्यांपर्यंत जागांचे शुल्कनियंत्रण योजिले होते. डॉक्टरांच्या संपानंतर जानेवारी २०१८ मध्ये ते स्थायी समितीकडे सोपविण्यात आले. मार्चमधील १०९ व्या अहवालात समितीने सेतु-अभ्यासक्रम सक्तीचा नसावा, परवान्याची परीक्षा अंतिम वर्षाच्या परीक्षेतच समाविष्ट करावी व किमान निम्म्या जागांचे शुल्क नियंत्रित व्हावे, असे सुचविले. शासनाने त्यानुसार दुरुस्त्या स्वीकारल्या. परंतु १६ वी लोकसभा विसर्जित झाल्याने विधेयक व्यपगत झाले. दुरुस्त विधेयक जुलै २०१९ मध्ये पुन्हा मांडले गेले. या वेळी ते समितीकडे पाठविण्यात आले नाही. राज्यसभेने राज्यांचे प्रतिनिधित्व वाढविणाऱ्या दुरुस्त्या केल्या आणि ३३ सदस्यांचा आयोग स्थापणारा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. सेतु-अभ्यासक्रम वगळला गेला, तरी त्याऐवजी मर्यादित परवानाधारक सामाजिक आरोग्य सेवकांची तरतूद आली. ही तरतूद मात्र समितीच्या तपासणीतून गेलेली नव्हती. आयोग २५ सप्टेंबर २०२० रोजी कार्यान्वित झाला.

इतर व्यवसाय : संलग्न आरोग्य व्यवसायांचे विधेयक (२०१८) स्थायी समितीने तपासले व जानेवारी २०२० मध्ये त्यावर अहवाल दिला. त्यानंतर सुधारित विधेयक मांडले जाऊन २०२१ मध्ये कायदा झाला. भौतिकोपचारतज्ञ, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ यांच्याबरोबर वैद्यकीय व मनोविकार-समाजकार्यकर्ते यांनाही त्याने केंद्रीय वैधानिक मान्यता दिली. याउलट परिचर्या व दंतवैद्यक यांविषयीची आयोग विधेयके २४ जुलै २०२३ रोजी मांडण्यात येऊन समितीकडे न जाताच ८ ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांत संमत झाली. सुमारे पाऊणशे वर्षे चाललेले परिचर्या परिषद व दंतवैद्य यांचे कायदे रद्द करण्याचा निर्णय असा सुमारे दोन आठवड्यांत झाला. विनियमांचीही अशीच स्थिती दिसते. २ ऑगस्ट २०२३ रोजी अधिसूचित झालेले डॉक्टरांच्या वर्तनाचे विनियम, मूलनामाने औषधे लिहून देण्याच्या सक्तीसह, विरोधामुळे त्याच महिन्यात स्थगित करावे लागले.

मूल्यमापन : या इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. व्यवसायाच्या स्वयंशासनाकडून शासननियुक्त नियामकाकडे झालेले स्थित्यंतर मुख्यतः समितीच्या अहवालामुळे घडून आले. नियामक नियुक्त असला, म्हणजे त्याचे मतदारांशी असलेले उत्तरदायित्व संपते व संसदेची जबाबदारी वाढते; प्रत्यक्षात मात्र समितीकडे विधेयक सोपविणे ऐच्छिकच राहिले आहे. ज्या प्रश्नांवर साक्षी घेऊन तोडगा निघाला नाही, ते अन्यत्र उद्‌भवतात. महाराष्ट्रात २०१४ मध्ये होमिओपॅथी चिकित्सकांना एका वर्षाच्या औषधशास्त्रीय अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे वापरण्याची मुभा देणारी कायदादुरुस्ती झाली व ती न्यायालयीन वादाचा विषय ठरली. १९४६ मध्ये अनुत्तरित राहिलेला प्रश्नच तीमागे होता. साक्षी व कलमवार विचार यांना वेळ लागतो. तथापि व्यावसायिक संघटना, शासन व खाजगी महाविद्यालये यांच्या संघर्षात ज्याची स्वतःची संघटना नसते, त्या रुग्णाचे हित मांडले जाण्याचे प्रमुख वैधानिक स्थान ही छाननीच होय.