गर्भाशय

स्त्रीच्या ओटीपोटातील पोकळ, जाड स्नायूंच्या भिंतीचा अवयव. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. बोलीत 'पिशवी'. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत लांबी साधारण ७.५ सेंमी, रुंदी ५ सेंमी. आकार उलट्या नासपतीसारखा. वरचा रुंद भाग म्हणजे गर्भाशयाचे शरीर, तर योनीत उतरणारा खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. आतल्या अस्तराची वाढ अंडाशयांतल्या संप्रेरकांवर अवलंबून असते आणि गर्भ न राहिल्यास ते पाळीत गळून पडते. मधला स्नायूंचा थर गरोदरपणात इतका वाढतो, की एरवी ५०-६० ग्रॅम वजनाचे गर्भाशय नऊ महिन्यांत किलोभराचे होते.

श्रोणितळाचे स्नायू आणि बंध त्याला जागेवर धरून ठेवतात. लागोपाठची बाळंतपणे व जड ओझे यांनी हा आधार सैल होतो आणि 'अंग बाहेर येते'. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या शिडीवर चढणाऱ्या बाईच्या बाबतीत म्हणूनच हे शरीररचनेचे कलम नीट वाचावे. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची : गर्भाशयाची रोहिणी मूत्रवाहिनीवरून आडवी जाते, त्यामुळे गर्भाशय काढताना मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो.

बीड जिल्ह्यामुळे हा अवयव २०१९ साली विधिमंडळाच्या चर्चेचा विषय झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. पुढे खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली.

तक्रारी बहुधा साध्या होत्या : अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे, ओटीपोट दुखणे. फडावर ना संडास, ना धुण्यापुरते पाणी. तिथे जंतुसंसर्ग वारंवार होतो. त्यावर औषधे आहेत. पण नवरा-बायको मिळून एक 'कोयता', त्यावर मुकादमाची उचल, आणि खाडा पडला की दंड. अशा हिशेबात पाळीच नको, हे बाईलाही पटवता येते. 'कॅन्सर होईल' ही भीती वर असतेच.

गर्भाशय काढल्यावर पाळी थांबते. कंबरदुखी थांबेलच असे नाही. अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते : अंगातून वाफा, झोप उडणे, हाडांची झीज, पुढे हृदयविकाराचा वाढलेला धोका. अंडाशये ठेवली, तरी रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येऊ शकते. तिशीतल्या बाईची तक्रार ऐकताना शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, हे आरोग्यसेविकेने विचारलेच पाहिजे. अनेकींना ते सांगितलेले नसते.

कर्करोगाच्या भीतीवर उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात शोधले गेले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटातील स्त्रियांच्या गर्भाशयमुखातील पेशींच्या नमुन्याची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी केली गेली. बाधित स्त्रियांची पुढील तपासणी व गरजेनुसार उपचार झाले. तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.